बंदराचे दुसरे टोक

मुंबई बंदरावर आजवर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक समुद्राकडे तोंड करून लिहिले गेले आहे. कोणते जहाज आले, कोणत्या गोदीला लागले, कोणत्या शेटजींनी किती खंड्या उचलल्या, कोणत्या गव्हर्नराने कोणत्या इमारतीची कोनशिला बसवली. हे लेखन मोलाचे आहे आणि त्याच्या आधाराशिवाय पुढची पाने उभी राहिली नसती. पण बंदराला दोन टोके असतात. एक धक्क्यावर, आणि दुसरे त्या धक्क्यावर पोचणारा माल जिथे उगवतो तिथे. आमच्यापुरते बोलायचे तर वऱ्हाडच्या काळ्या मातीत. हे पुस्तक त्या दुसऱ्या टोकाला उभे राहून मुंबईकडे पाहते.

अनसिंग हे वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. इथून समुद्र चारशे किलोमीटरहून जास्त दूर. मागच्या पिढ्यांतल्या असंख्य माणसांनी तो जन्मात पाहिला नाही. तरी शंभराहून जास्त वर्षे या भागात सावकाराची बाकी फिटेल की वाढेल, मुलीचे लग्न यंदा उरकायचे की पुढच्या सालावर ढकलायचे, दारची बैलजोडी राहील की विकावी लागेल, या गोष्टी मुंबईच्या कापूस बाजारात ठरत होत्या. ज्या शहराने आमच्या आजोबा-पणजोबांच्या घरातले निर्णय घेतले, त्या शहराचा इतिहास वाचण्याचा हक्क आम्हाला आहे. तो आपल्या बाजूने सांगण्याची जबाबदारीही आहे.

मराठीत याची सामग्री थोडी नाही. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईत पैशाचा पूर आणला होता, त्या दिवसांतले हे पुस्तक. पुढे १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला. आमच्या बाजूने या. मा. काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ दिला. ही पुस्तके ग्रंथालयात वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेली असतात. मुंबईची पुस्तके एकीकडे, वऱ्हाडची दुसरीकडे. ती शेजारी ठेवून वाचली की एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगितलेली आहे, हे ध्यानात येते.

रेल्वेच्या आधीपासून सुरुवात करू. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बाहेर जाई तो बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, बैलांच्या पाठीवर. परतीच्या वाटेवर हेच बैल मीठ घेऊन येत. आज ज्या पोहरादेवीला देशभरातला बंजारा समाज येतो, ती आमच्याच वाशीम जिल्ह्यात आहे. या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अर्ध्या हिंदुस्थानचा माल वाहून नेला, आणि बंदराच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ आली. मुंबईकडे मोठ्या प्रमाणावर वऱ्हाडी कापूस नेण्याचे पहिले श्रेय पेस्तनजी मेहेरजी आणि त्यांचे बंधू विकाजी या पारशी व्यापाऱ्यांना दिले जाते, साल १८२५-२६. तो कापूसही बैलांनीच नेला. वाटेत पावसाने भिजणे, धुळीने काळा पडणे, ओढ्यात गोणी पडणे हे सगळे धरून मुंबईला पोचेपर्यंत त्याची प्रत उतरलेली असे. ‘वऱ्हाडी’ कापसाला बाजारात जी हलकी समज होती, तिचे एक कारण शेतात नव्हते, वाटेवर होते.

तेव्हाची मुंबई कापसापेक्षा अफूवर अधिक उभी होती, हे स्पष्ट सांगायला हवे. माळव्याची अफू चीनला धाडून ज्यांनी संपत्ती जोडली, त्यांत सर जमशेटजी जीजीभाईंचे नाव सर्वांत पुढे येते. त्यांच्या देणग्यांनी उभी राहिलेली रुग्णालये आणि शाळा आजही लोकांच्या उपयोगी पडतात. तो पैसा कशातून आला हे नोंदवल्याने त्या दानाचे मोल कमी होत नाही, पण बंदराचा हिशेब पुरा मांडायचा तर हीही रक्कम त्यात धरावी लागते. मुंबईला पोचलेला कापूस तेव्हा किल्ल्यात, सेंट थॉमस चर्चसमोरच्या मोकळ्या मैदानात उतरत असे. कुलाब्याकडे जाणारा बांधरस्ता १८३८ मध्ये झाला आणि १८४४ मध्ये कापसाचा बाजार तिकडे हलला. पुढची ऐंशी वर्षे ‘कॉटन ग्रीन’, म्हणजे कापसाचे मैदान, कुलाब्यालाच होते.

१८५३ हे साल या गोष्टीच्या मध्यभागी आहे. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. महिनाभराने, २१ मे रोजी, निजामाने तहावर सही करून वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. हैदराबादच्या फौजेचा थकलेला खर्च हे त्याचे कागदावरचे कारण. पण मँचेस्टरचे गिरणीवाले त्याआधी कित्येक वर्षे अमेरिकेखेरीज दुसरीकडून कापूस मिळावा म्हणून सरकारला सतावत होते, आणि वऱ्हाडची जमीन कशी आहे हे कलकत्त्याला आणि लंडनला नीट ठाऊक होते. रूळ आणि रान एकाच उन्हाळ्यात हाती आले. शाळेत या दोन घटना वेगवेगळ्या धड्यांत शिकवल्या जातात; मला त्या नेहमी एकाच वाक्यात लिहाव्याशा वाटतात.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि हिंदुस्थानी कापसाचा भाव बघता बघता कित्येक पट झाला. मुंबईत जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. दलाल-व्यापारी प्रेमचंद रायचंद, नवनव्या बँका, समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या कंपन्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध थांबल्याची बातमी आली, भाव कोसळले, आणि १ जुलैला, वायद्यांची फेड करायच्या दिवशी, अर्ध्या मुंबईचे दिवाळे निघाले. मोठी पत असलेली बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. त्या तेजीच्या आठवणीदाखल राजाबाई टॉवर उभा आहे. प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो १८७८ मध्ये पुरा झाला.

या प्रसिद्ध कहाणीत वऱ्हाडच्या अंगाने एक गोष्ट जोडायची राहून जाते. थळघाटातून रेल्वे वर आली १८६५ मध्ये, आणि नागपूरपर्यंत रूळ पोचले १८६७ मध्ये. म्हणजे भाव आभाळाला भिडले होते त्या चार वर्षांत वऱ्हाडात धड गाडीच नव्हती. माल बैलबंड्यांनी जात होता. वाहतुकीचा खर्च, वाटेतली नासाडी आणि मधल्या हातांचा नफा जाऊन जे उरे ते शेतकऱ्याच्या पदरात पडे. तेही थोडे नव्हते; जुन्या लोकांनी त्या काळाच्या सोन्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्या भरवशावर ज्वारीची रानेही कपाशीखाली आली. रेल्वे आली, जिन आले, प्रेस आले, गाव बाजाराला बांधले गेले, तेव्हा तेजी ओसरून गेली होती. तेजीचा मलिदा मुंबईला आधी मिळाला आणि मंदीची झळ वऱ्हाडला पुढे वर्षानुवर्षे लागत राहिली. पुढच्या ऐंशी वर्षांचा नमुना इथेच पडला, असे माझे मत आहे, आणि या पुस्तकातली प्रकरणे मी त्याच नजरेने लावली आहेत.

रूळ आल्यावर सगळे झपाट्याने बदलले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपला निम्म्याने जवळ आली. १८७० मध्ये समुद्राखालून तार आली. लिव्हरपूलचा भाव मुंबईत पोचायला आता आठवडे लागत नव्हते. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि त्यांनी तिथल्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले. साऱ्या हिंदुस्थानचा सत्ताधीश आडबाजूच्या एका गावात येतो, ते कापसाच्या गाठींसाठी. फोलकार्ट ब्रदर्स ही स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची पेढी, राली ब्रदर्स ही ग्रीक घराण्याची पेढी, यांचे एजंट मुंबईत न थांबता थेट आमच्या बाजारगावांत येऊन बसू लागले.

बंदराचा हात किती आतपर्यंत पोचला, याचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे. कायद्याने नियंत्रित केलेली देशातली पहिली बाजारपेठ कारंज्याची, १८८६ सालची. हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने ती उभी राहिली. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. आज कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा इतिहास शिकवताना कारंज्याचे नाव पहिले घेतले जाते आणि जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे. तो असावाच. मात्र त्या व्यवस्थेचा हेतू गिरण्यांना भेसळ नसलेला, नीट तोललेला कापूस मिळावा हा होता. बाजार चालवणाऱ्या समितीत व्यापारी होते, नगरपालिकेचे लोक होते. कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई, तेव्हा बंडीजवळ उभ्या असलेल्या धन्याला आपल्याच मालाचा भाव सगळ्यांच्या शेवटी कळे. आणि मग कडता, वानगी, तोलाई, हमाली, आडत, धर्मादाय. एकेक कपात थोडी, पण सगळ्या मिळून त्या किती होत हे ज्याच्या हातात उरलेले पैसे पडत त्यालाच ठाऊक.

अनसिंगच्या बाजूचा कापूस कसा जात असे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण मुंबईच्या पुस्तकांत हा टप्पा कुठेच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागत. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही व्हायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच हात लावायचा. वेचणी बायांची. मजुरी पुष्कळदा पैशात नसे; वेचलेल्या कापसातला ठरीव वाटा मिळे. सकाळच्या दवात बोंडे ओली असतात, वजनाला भरतात पण प्रत बिघडते; दुपारी पाचोळ्याचा चुरा कापसाला चिकटतो. चांगला कापूस हा वेचणारीच्या बोटांवर अवलंबून असे, आणि बंदरात ज्याला प्रत म्हणत तिचा पाया तिथे पडे. घरात ओसरीवर, खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवायचा. भाव चढेल म्हणून थांबायचे तर सावकार दारात आणि सरकारी हप्त्याची तारीख डोक्यावर. म्हणून बहुतेकांचा माल भाव पडलेला असतानाच बाहेर निघे.

वाशीमला आगगाडी आली ती स्वातंत्र्यानंतर. हिंगोलीला निजामाच्या राज्यात रेल्वे १९१२ मध्ये पोचली होती. त्याआधी या भागाला अकोल्याचे स्टेशन हाच आधार. अनसिंगहून वाशीम, मालेगाव, मेडशी, पातूर आणि मग अकोला. बालाघाटावरून पाईनघाटात उतरायचे. उतरणीला कापसाने उंच भरलेली बंडी सांभाळणे सोपे नसते. ओझे हलके दिसते, पण वारा धरते आणि कलंडते. धुरकरी चार-चार, सहा-सहा बंड्या मिळून निघत, रात्री मुक्काम, बैलांना कडबा, पहाटे पुन्हा जुंपणे. अकोल्यात सरकी वेगळी निघे, रुईच्या गाठी बांधल्या जात, आणि गाठ वाघिणीत चढली की शेतकऱ्याचा तिच्याशी संबंध संपे. तिच्यावर पुढे ज्याचे नाव पडे ते पेढीचे.

मुंबईत हीच गाठ वाडीबंदरच्या मालधक्क्यावर उतरे आणि बैलगाड्यांतून शहर ओलांडून कुलाब्याला जाई. तिथे गाठींचे डोंगर लागलेले असत. वरून सैल बांधून आलेल्या गाठी कुलाब्याच्या प्रेसमध्ये पुन्हा दाबल्या जात, कारण जहाजावर भाडे जागेचे लागते. मुंबईच्या खंडीचे वजन ७८४ पौंड, गाठ अर्ध्या खंडीची, ३९२ पौंडांची. ती माणसांनी उचलायची, हाताने, पाठीने, आकड्याने. सुरुवातीच्या काळात जहाजे धक्क्याला लागत नसत; खाडीत नांगरून राहत आणि पडावांतून माल त्यांच्यापर्यंत न्यावा लागे. ससून डॉक १८७५ मध्ये झाला, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया १८८८ मध्ये, अलेक्झांड्रा १९१४ मध्ये. मध्येच १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला होता. त्याही आधी भाऊ अजिंक्यांनी धक्का बांधला. ते नाव आजही मुंबईकरांच्या तोंडी आहे. मराठी कंत्राटदाराचे नाव बंदरावर टिकून राहिल्याची ही दुर्मीळ खूण.

या गोद्यांत राबणारे हात बहुतांशी सातारा, पुणे, रत्नागिरीकडचे. काम मुकादमामार्फत मिळे. टोळी ठरे, जहाज असेल तर रोजगार, नसेल तर धक्क्याबाहेर बसून राहणे. मुकादमाला मजुरीतून वाटा द्यावा लागे, आणि अडीनडीला पैसे देणाराही तोच. वऱ्हाडात सावकार जी जागा अडवून बसला होता, गोदीत ती मुकादमाची होती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हा हमाल आणि गोदीवाले त्या सुट्टीच्या बाहेरच राहिले. रोज उगवणाऱ्या रोजगाराला सुट्टी कुठली. अनसिंगची वेचणारी आणि साताऱ्याचा हमाल यांनी एकाच कापसाला हात लावला. दोघांची भाषा एक. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मला या साऱ्या विषयात सर्वांत जास्त बोचते ते हेच.

१८९६ ते १९०० ही चार वर्षे या पुस्तकातली सर्वांत अवघड पाने आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये गोदीला लागून असलेल्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. काही महिन्यांत शहरातली जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पळाली. १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईच्या मालावर युरोपची बंदरे बंद होतील ही भीती सरकारला भेडसावत होती. घरे उघडून तपासणे, माणसे ओढून नेणे या सक्तीमागे ती भीती होती, हे विसरून त्या काळाचा राग समजत नाही. प्लेग मग रेल्वेच्या वाटेने देशात आत शिरला.

आणि त्यावर १८९९-१९०० चा दुष्काळ, संवताच्या हिशेबाने छपन्नचा. त्या काळी बासीम, म्हणजे आजचे वाशीम, हा वेगळा जिल्हा होता. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत त्याची लोकसंख्या ११ टक्क्यांनी घटली आणि १९०१ च्या खानेसुमारीत ३,५३,४१० माणसे उरली. पुढे १९०५ मध्ये जिल्हाच मोडला आणि अकोला-यवतमाळात वाटला गेला. पाऊस पडला नाही हे खरे कारण. रेल्वेने बाहेरून धान्य आणले हेही खरे. पण ज्या घरात पूर्वी दोन-तीन वर्षांची ज्वारी पेवात असे, तिथे आता कपाशी विकून ज्वारी विकत आणायची सवय लागली होती. कपाशी बुडाली तेव्हा धान्य बाजारात होते आणि हातात पैसा नव्हता. भावाची जोखीम व्यापाऱ्याने वायद्यात वाटून टाकली होती, जहाजाची जोखीम विमा कंपनीने घेतली होती. पावसाची जोखीम घ्यायला कोणी नव्हते. ती ज्याची त्याच्या अंगावर पडली.

त्यानंतरचा काळ मी इथे थोडक्यात आटोपतो. प्रकरणांत तो आहेच. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने जपानी कंपनीची जहाजे मुंबई ते कोबे अशी सुरू झाली आणि लवकरच वऱ्हाडी कापसाचा मोठा गिऱ्हाईक जपान झाला. आखूड धाग्याचा आमचा कापूस त्यांच्या गिरण्यांना चालत असे. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी, लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून जवळ केलेली अरुंद रुळांची गाडी याच कापसासाठी टाकली गेली. तिचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनले होते आणि १९९४ पर्यंत धावले. कुलाब्याचा कापूस बाजार १९२० च्या दशकात शिवडीला गेला. १९२९ नंतरच्या मंदीत भाव निम्म्याखाली आले आणि वऱ्हाडात जमिनी मोठ्या प्रमाणावर सावकारांच्या नावावर गेल्या. १९३३ मध्ये सरकारला कर्जतडजोडीचा कायदा करावा लागला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटले. कराचीहून आलेल्या त्या जहाजात दारूगोळ्याच्या जोडीला कापसाच्या हजारो गाठी भरल्या होत्या, आणि आग कापसात लागली होती. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. गोदीतल्या मजुरांच्या मृत्यूची मोजदाद तेव्हाही नीट होऊ शकली नाही. नावनोंदणीचा, कायम कामाचा हक्क गोदी कामगारांना मिळाला तो १९४८ च्या कायद्यानंतर, त्यामागे कामगार नेते पी. डिमेलो यांच्यासारख्यांचे कष्ट होते.

आता अनसिंगच्या आसपास कपाशीची जागा सोयाबीनने घेतली आहे. मुंबईच्या जुन्या गोद्यांचे काम १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेवाच्या बंदराकडे गेले आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो आणि ज्या वाटेला बंड्यांना महिना लागे ती आता एका दिवसाची आहे. सोयाबीनच्या भावासाठी तरुण मंडळी मोबाइलवर शिकागोचा बाजार पाहतात. भाव दुसरीकडे ठरणे आणि पावसाचा फटका इथे बसणे, ही मांडणी माल बदलून तशीच चालू आहे. म्हणून हा विषय मला इतिहासजमा वाटत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. या भागातल्या जुन्या वाड्यांत, माळ्यांवर, लोखंडी पेट्यांत अजून मोडीतल्या रोजकीर्दी, खतावण्या, हुंड्या पडून आहेत. वाळवी लागते म्हणून त्या जाळल्या जातात, रद्दीत जातात. असे कागद कोणाकडे असतील तर ते फेकू नयेत. घरात मोडी वाचणारे कोणी नसेल तर निदान पानांचे फोटो काढून ठेवावेत आणि जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवावेत. त्यांत पाहायचे ते एवढे : कोणत्या महिन्यात कापूस विकला, मणामागे कडता किती कापला, बंडीभाडे काय दिले, धुरकऱ्याचे नाव काय, आणि ज्या बायांनी वेचणी केली त्यांच्या वाट्याला किती शेर कापूस आला.